सातवी पायरी

नोटीस बोर्डावर, ज्यूरीच्या तारखांखाली
अर्धी झाकली गेलेली चिठ्ठी होती:
संशोधन सहाय्यक हवेत. पदवीचे विद्यार्थी चालतील.
विषय: जिन्यांची झीज.
मानधन: प्रवासखर्च आणि टपरीवरचा चहा.
खाली विजयकर मॅडमची सही,
टी-स्क्वेअर लावून काढल्यासारखी.

माझ्याशिवाय अर्ज केला तो फक्त हुझेफाने,
तोही हजेरी कमी भरत होती म्हणून.
बाकीचा वर्ग काचेचे टॉवर रेंडरला लावून
रात्रभर लॅपटॉप तापवत होता.

मे महिन्यात घोडपदेवला, हरचंद बिल्डिंगच्या जिन्यात
आम्ही गुडघ्यांवर.
हातात तारांच्या कंगव्यासारखं एक यंत्र.
पायरीवर दाबलं की दात मागेपुढे सरकतात,
लाकूड किती खोल गेलंय ते दाखवतात.
ते कागदावर उतरवायचं. मिलिमीटरमध्ये.
पायरी एक, कठड्याकडे, अकरा.
पायरी दोन, कठड्याकडे, बारा.
दूधवाला, कुरिअरवाला, क्लासला निघालेली पोरं
आमच्यावरून ढांग टाकून जायची.
"बिल्डिंग पाडणार का?" प्रत्येक मजला विचारायचा.
"नाही, आम्ही नुसतं मोजतोय"
हे उत्तर कुणालाच पुरायचं नाही.

सगळ्या पायऱ्या कठड्याच्या बाजूला झिजलेल्या.
साहजिक आहे, माणूस धरून चढतो.
फक्त दुसऱ्या मजल्याची सातवी
भिंतीच्या बाजूला. सतरा.

त्या रात्री मी तीन पानं लिहिली.
त्या पायरीवर एक बाई बसवली,
तांदूळ निवडणारी, कठड्याला टेकून
दुसऱ्या पाळीवरून येणाऱ्याची वाट बघणारी,
आणि अख्खी बिल्डिंग पन्नास वर्षं
तिला वळसा घालून भिंतीकडून जाते आहे.
माझं मलाच रडू आलं.

मॅडमनी पेन्सिल हातात धरून तीनही पानं वाचली.
एक शब्द खोडला नाही.
समासात एवढंच लिहिलं:
हिचा खोली नंबर?

मग म्हणाल्या, कारण माहीत नाही, असं लिही.
तीनच शब्द आहेत.
मला माझ्या प्रबंधात ते लिहायला
सहा वर्षं लागली होती.

लिहिले. हात जड झाला, पण लिहिले.

पुढच्या आठवड्यात पांचाळ मिस्त्री भेटले,
तळमजल्यावर कुणाचं तरी दार तासत होते.
हुझेफाने सहज विचारलं.
"सातवी होय? ती इथली नाहीच.
समोरची बिल्डिंग उतरवली ना,
तिथल्या जिन्याची फळी मी आणून बसवली.
सागवान होतं, टाकवेना.
तिकडचा कठडा उलट्या हाताला."
आणि पुन्हा रंधा चालू.

समोर आता पार्किंग आहे. सात मजली, आपोआप वर जाणारं.
गाडी ठेवली की लिफ्ट ती उचलून नेते,
जिना बहुधा नसावाच.

आम्ही वर जाऊन यंत्र पुन्हा लावलं.
सतराच आले.
पण आता त्या सतरात
एक बिल्डिंगभर माणसं चढत होती,
डाव्या हाताने कठडा धरून,
जो कठडा नाही, अशा जिन्यावरून
जो जिना नाही.
हुझेफा पायरीवर बसला नाही, बाजूला उभा राहिला.
त्याची हजेरी केव्हाच भरली होती.

शोधनिबंधात ते सगळं एका तळटीपेत मावलं:
पायरी ७, अन्य इमारतीतून. माहिती: पांचाळ मिस्त्री, तोंडी.
माझं नाव शेवटी, आडनावात एक अक्षर चुकलेलं.
मॅडम म्हणाल्या, दुरुस्ती पाठवू.
मी म्हटलं, पायरीची नोंद बरोबर आहे ना, मग राहू दे.
त्यांनी तरी पाठवली.

ती बाई मी काढून टाकली.
तांदूळ तेवढे कुठेतरी सांडले असावेत;
अजूनही त्या जिन्याने वर जाताना
सहावी संपली की
माझा हात कठड्यावर असतो
आणि पाय भिंतीकडे जातो.