पहिला दिवस, महू

टेबलावर नकाशा. कोपरे उडू नयेत म्हणून
मिठाची बरणी, चष्म्याचं घर, टॉर्च
आणि चौथ्यावर वन्संचा उजवा कोपर.
शिवणाच्या डब्यातला निळा दोरा घेऊन
मी तो रस्त्याच्या वळणावळणांवर निजवते:
इंदूर, महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर,
धामनोद, वर मांडू, मग धार, मग घर.
पट्टीवर ताणला की सगळे घाट सरळ होतात.
दोऱ्याचं हेच खोटं.

सौमित्रने फोनवर भागाकार केव्हाच केलाय:
तीन दिवस, रोजचे ऐंशी.
'आई, ऐंशी म्हणजे काहीच नाही गं.'
तो अठ्ठावीसचा. त्याच्या गुडघ्यांना
अजून नावं पडलेली नाहीत.
माझ्या डाव्याला आम्ही जाऊबाई म्हणतो,
अंगणात गोड बोलते, जिन्यात गाठते.

वन्संनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला.
त्या दोऱ्याकडे बघतच नाहीत,
तपकिरी रेषा बघतात.
जिथे त्या दाट, तिथे नख टेकवून म्हणतात,
'इथला किलोमीटर लांब असतो.'

मी साठ लिहिते. त्या खोडतात.
पन्नास. खोडतात.
मग बोलणं वेगळ्याच गोष्टींवर येतं:
मार्गशीर्षात उजेड किती वाजेपर्यंत,
निमाडात उतरल्यावर ऊन केव्हा लागायला लागतं,
आणि दोन बायकांना आडोसा कुठे.
जामच्या पुढे सागाचं रान आहे, तिथे चिंता नाही.
राऊपर्यंत दुकानंच दुकानं, तिथे आहे.
हा आकडा कुठल्याच फोनमध्ये नसतो.

आतल्या खोलीतून हे:
'आम्ही ऐंशी साली एका दिवसात मांडू गाठलं होतं.'
वन्सं मान वर न करता,
'आणि परत आलास कशातून?'
रेडिओचा आवाज थोडा वाढतो.
(कांद्याच्या ट्रकमधून. पुढे तीन दिवस
जिना बसून उतरत होते.)

छावणीत हबीबभाईंनी दोन्ही सायकलींचे ब्रेक बदलले.
चाक फिरवून, कान लावून, सहज म्हणाले,
'पहला दिन तो घर का होता है, दीदी.'
मला ते घरी येईपर्यंत कळलं नाही.
मग पिशव्या बांधताना कळलं:
गॅस बंद केला का, किल्ली कुणाकडे,
औषधाचा डबा, दुधाचे कूपन,
हे सगळं पहिल्या दिवशी कॅरियरवर बसून येतं
आणि राऊ ओलांडल्याशिवाय उतरत नाही.

तर वन्संनी महूवर गोल काढला. तेवीस किलोमीटर.
'महू?' सौमित्र हसला. 'तिथे तर माणसं नोकरीला जातात रोज!'
'जाऊ देत,' वन्सं म्हणाल्या,
'जेवताना एका पोळीची जागा ठेवून उठावं.
पाय काही पोटापेक्षा शहाणे नाहीत.'

साडेदहालाच पोचलो.
फ्लोरी पिंटो दारात उभी, हातात लाटणं,
'तुम्ही सहलीला निघालात की भाजीला?'
दुपारभर तिच्या ओसरीवर बसलो,
बोरं खाल्ली, बिया मोजल्या नाहीत.
चारला माझे पाय म्हणाले, चल.
पाचला पुन्हा म्हणाले.
वन्सं उठल्या, चांगल्या भरलेल्या चाकांत
उगीच हवा भरून आल्या.
जामकडचा रस्ता फाटकातून दिसत होता,
त्यावर बराच वेळ उजेड होता,
आणि आम्ही त्याला नुसतं राहू दिलं.

रात्री वहीत मी लिहिलं: दिवस पहिला, तेवीस.
वन्संनी पेन्सिल मागितली.
मी रबरही पुढे केलं.
त्यांनी ते बाजूला सारलं
आणि तेवीसच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं:
भूक आहे.