कुंपणापर्यंत

पेन्शन लागली त्या आठवड्यात
ग्रासी पार्कातल्या फलदीलाने लॉन उपटलं.
खाली नुसती वाळू.
शेजारचा डेव्हिड्स म्हणाला,
"आता समुद्रही आणणार का?"

तिने लावलं ते इथलंच:
बुकू, काडी काडी उभं रेस्टिओ,
आणि पिवळं कसलंसं,
ज्याचं नाव फक्त तिच्या आईला ठाऊक होतं.

दोन हिवाळे काहीच नाही.
मग एका सकाळी
वाळत घातलेल्या मोज्याशेजारी
बोटाएवढा हिरवा सरडा, शेपूट गुंडाळलेला,
एक डोळा तिच्यावर, एक माशीवर.

त्याची धाव कुंपणापर्यंत, असं आमच्याकडे म्हणतात.
हा कुंपणावर चढला.
एक पाय हवेत धरून
बराच वेळ बघत राहिला
डेव्हिड्सच्या सिमेंटकडे.

रविवारी डेव्हिड्स पहार मागायला आला.
कशाला, ते बोलला नाही.