टंच

हुपरीत आमचं दुकान. पाटीवर एकच शब्द : टंच.
लगड येते. कोपऱ्यातून वाटाण्याएवढा तुकडा कापतो,
तेजाबात विरघळवतो, मिठाचं पाणी थेंब थेंब सोडतो.
पांढरा साका तळाशी बसेपर्यंत
मी कुणाशी बोलत नाही.
मग आकडा. बहात्तर. सहासष्ट.
त्यावर माझी सही, सहीवर पैंजणांचे सौदे.

म्हणून वाटलं होतं, रिपोर्ट मला कळेल.

पद्मल, माझी धाकटी. छातीतली गाठ काढून झाली.
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मुजावर डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून पुढ्यात ठेवला.
जनुकात एक अक्षर वेगळं.
त्यापुढे छापलेलं : अर्थ अनिश्चित.

म्हटलं, बाई, आमच्यात हे चालत नाही.
असं लिहिलं तर गिऱ्हाईक लगड उचलून
समोरच्या दुकानात जाईल.
बाई हसल्या नाहीत.
अक्षर बरोबर वाचलंय, म्हणाल्या.
त्याचं वजन किती, ते ठाऊक नाही.
ज्यांच्याशी ताडून बघायचं, ती माणसं लांबची.
आणि आपल्याकडची?
पेन्सिल कागदावर टेकली,
आकडा उमटला नाही.

वजनमापवाले दर साली येतात,
माझी वजनं त्यांच्या वजनांशी ताडून शिक्का मारतात.
एकदा पन्नास ग्रॅमचं झिजलेलं निघालं.
तोवर किती जणांना मी...
जाऊ दे.

दाजी म्हणाले, दुसऱ्या बाजूचंही काढून टाका, कटकट नको.
बाई म्हणाल्या, या एका अक्षरासाठी मी सुरी उचलणार नाही.
भाची सन्मती दाराशी उभी, हातात पन्नास टक्के सवलतीचं पॅकेज :
मामा, मी करू?
हे अक्षर तुझ्यात शोधून काय करायचं, बाईंनीच विचारलं.
सापडलं तरी तेच, नाही सापडलं तरी तेच.
मग बोटं मोजली :
आजी. मावशी. आता आई.
याला यंत्र लागत नाही.
तू दर वर्षी तपासणीला यायचं. चुकवायचं नाही.

कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं : दोन वर्षांनी पुन्हा विचारा.
बत्तीस वर्षं मी असलं काही लिहिलेलं नाही.
लिहायला हवं होतं, दोन-तीनदा तरी.

येताना पट्टणकोडोलीच्या अलीकडे एसटी थांबली.
खिडकीला डोकं टेकून पद्मल म्हणाली,
दादा, किती निघाला रे माझा टंच?

साका बसायचाय अजून.

मग गप बस की, म्हणाली,
आणि शेंगांची पुडी सोडली.