पंच्याहत्तर वॅट

कॅबिनेटची बाजू उघडली तर आत
अर्धा टॉवेल निघाला.
शेजारच्या बारा मागांची लव
पंख्याच्या पात्यांना अशी घट्ट बसलेली
की सोलून घडी घालता आली असती.
दत्तनगरात कॉम्प्युटर असाच म्हातारा होतो,
आतून सुती होत होत.

परदेशातल्या गिऱ्हाइकाला हल्ली
न विणलेला टॉवेल आधी पडद्यावर लागतो,
खुंटीला टांगलेला, फिरणारा,
मोराच्या काठासकट, सावलीसकट.
माझं मशीन सावलीपाशी येतं
आणि बसकण मारतं,
विजापूर वेशीत भर रस्त्यात म्हैस बसावी तसं.

बजेट अकरा हजार.
त्यातले दोन भिशीचे, अजून हातात यायचेत.

नवी पेठेत मल्लिनाथ हत्तुरेनं काचेखालून
तीन पंख्यांचं धूड काढलं.
‘आठ जीबी, मॅडम. वापरलेलंय, पण लई भारी.’
कुठं वापरलेलं?
त्यानं कार्ड उलटं करून फुंकर मारली.
‘पुण्याला. कॉइन काढायला. दोन वर्षं, दिवसरात्र.’

दिवसरात्र म्हणजे काय ते मला कळतं.
आमच्या गल्लीत विकायला काढलेल्या मागाला
मालक आदल्या संध्याकाळी कसं तेल पाजतो,
तेही मी पाहिलंय.

शिवाय कार्ड अठ्ठावीस सेंटिमीटर.
माझ्या डब्यात जागा बावीस,
टेपनं तीनदा मोजून आणलेली.
आणि एसएमपीएस?
‘साडेचारशे वॅट,’ मी म्हणाले, ‘वर लिहिलंय.’
‘लिहिलेलं सोडा. उचलून बघा.’
पिशवीतून काढून उचलला.
लिहिलं होतं त्याच्या निम्म्यानंही
वजन नव्हतं.

मग ते छोटं.
एक पंखा, चार जीबी, पंच्याहत्तर वॅट,
वेगळी वायर न मागणारं,
बोर्डातून मिळेल तेवढ्यावर भागवणारं.
फोनवर पवन ओरडला, ‘अक्का,
चार जीबीत आता एक गेम धड चालत नाही!’
माझा टॉवेल पळत नाही, म्हटलं, गोळ्या झाडत नाही.
टांगलेला असतो.
आणि एप्रिलात चार वाजता,
बाहेर त्रेचाळीस, सगळे माग चालू, दिवे पिवळे,
तेव्हा जो कमी खातो तो टिकतो.

नाना स्टुलावर बसून होते,
पाण्याची बाटली मांडीवर.
चौतीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केलेला माणूस,
एका मोराला दोन हजार चारशे पुठ्ठे.
‘एंता?’
नऊ हजार आठशे.
‘एकाच कार्डाचे?’
हातात घेऊन त्यांनी ते उजेडाकडे धरलं,
आरपार काही दिसतं का बघितलं.
‘याला भोकं किती?’
मल्लिनाथ हसला.
मीही थोडी हसले, खोटं कशाला बोलू.

रात्री कार्ड बसलं, टिक्‌ असा आवाजही आला.
मॉनिटरची निळ्या टोकाची जुनी वायर हातात घेतली
आणि कार्डाच्या पाठीवर
निळं भोक नव्हतं.
तीन होती. त्यातलं एकही तिचं नव्हतं.
नाना भाकरी मोडत होते.
काही म्हणाले नाहीत.
शेंगाचटणीची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली.

कन्व्हर्टर अडीचशे. रिक्षा जाऊन येऊन ऐंशी.

आता सावली एकोणीस मिनिटांत पडते.
पूर्वी तास लागायचा, तोही
मध्येच मान टाकली नाही तर.
पहिला टॉवेल खुंटीवर हळूहळू ओला दिसायला लागला
तेव्हा वळून बघितलं, नाना पडद्यासमोर नव्हतेच.
कॅबिनेटशी उकिडवे बसून
जाळीवर विरळ मलमलीचा तुकडा ताणत होते,
नखानं धागे मोजत,
हवा जाईल, लव जाणार नाही, इतपत.
चार कोपरे सुतानं बांधले.
रविवारी सोडून धुवायचं, म्हणाले,
विसरायचं नाही.

मोराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.