क्निघ्ट

दादाच्या उजव्या कानाला आता काही येत नाही.
डाव्याला येतं, पण दारात उभं राहतं, आत येत नाही.
बावीस वर्षं पुरानी छावनीच्या शेडमध्ये
दगड कापणारं पातं
त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर फिरत होतं.

म्हणून तो सिनेमा वाचतो.
दौलतगंजच्या खोलीत, पायांवर रजई,
मांडीवर चाळीस पानी वही,
आवाज बंद, कारण भिंतीपलीकडे तोमरांचं बाळ झोपतं
आणि दादाला काय फरक.
पडद्यावर ड्रॅगन जबडा उघडतो,
खाली पिवळ्या अक्षरांत त्याचं म्हणणं येतं.
मी गजक मोडते. तो चित्र थांबवतो, उतरवून घेतो:
नाइट, सोर्ड, कासल, टूम, रॅथ.

हे उच्चार माझे.
तो म्हणतो क्निघ्ट.
तो म्हणतो स्वोर्ड, कॅस्टल, टोम्ब, व्रॅथ,
एकेका अक्षराला हाताला धरून
रस्ता ओलांडून दिल्यासारखं.
आधी मी हसले, मग मास्तरीण झाले.
वहीवर ठळक लिहिलं: के सायलेंट. जी सायलेंट. एचसुद्धा.
त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला,
"बोलू द्यायचं नव्हतं तर यांना बोलावलं कशाला?"

मला उत्तर आलं नाही.
आपल्याकडे पंगतीत बसला तो जेवून उठतो.

लांडग्याचं तर निराळंच.
बर्फातली झोपडी, म्हातारा कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यावर,
खाली ओळ: कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर.
बाहेर लांडगा होताच, खराखुरा, दात विचकून.
दादाने अर्थ लिहिला: लांडग्याला दारापासून लांब ठेवणे.
महिनाभर तो अर्थ पुरला.
मग दुसऱ्याच सिनेमात, जादूगारांच्या गावात,
एक विधवा कपडे शिवता शिवता तेच म्हणाली
आणि लांडगा कुठेच नव्हता.
दादाने ते दृश्य तीनदा मागे नेलं,
खिडकीबाहेर शोधला, बाईच्या पलंगाखाली शोधला.
शेवटी मी डिक्शनरी काढली:
पोटापुरतं मिळवणं. चूल विझू न देणं.
त्याने जुना अर्थ खोडला नाही.
खाली बारीक लिहिलं,
म्हणजे तेच की. मी तर रोज तेच करून राहिलोय.

पातं सुटलं तेव्हा सिकरवारजींनी त्याला ऑफिसात घेतलं.
फोन नको, फक्त परदेशचे ईमेल बघ.
जानेवारीत धुकं असं बसलं
की किल्ला चार दिवस कुणी पाहिला नाही
आणि ट्रक निघालेच नाहीत.
बेल्जियमच्या बाईंनी विचारलं, माल कधी?
दादाने कुणाला न विचारता लिहिलं:
फिअर नॉट, माय लेडी.
पुढचं मी मराठीत सांगते, इंग्रजीत मला हसू येतं.
धुके हा बलाढ्य शत्रू आहे.
तरी दुसऱ्या पौर्णिमेच्या आत
शिळा आपल्या दारी पोचत्या होतील.
ही माझी आण.

सिकरवारजींनी कपाळावर हात मारला.
मी दोन दिवस दादाशी नीट बोलले नाही,
जे त्याच्या उशिराच लक्षात आलं.
तिसऱ्या दिवशी उत्तर:
चंद्राची वाट बघते. तारीख मात्र कळवा.
ते त्याने वहीत डकवलंय, लांडग्याच्या पानावर.

परवा सहावीच्या वर्गात धडा होता.
मी फळ्यावर नाइट लिहिलं, चिलखतवाला,
आणि तोंडातून निघून गेलं, क्निघ्ट.
पोरं खदखदली.
मागच्या बाकावरची रुखसार तेवढी उभी राहिली,
"मॅडम, ये के कुछ बोलता नहीं, तो मिटा दूँ?"
डस्टर तिच्या हातात होतं.
मी म्हटलं, नको गं.
बैठने दो उसको.