कळ

एलेउतेरिओ बार्रियांच्या टेबलावर
माउस आहे, पण उताणा,
भरती-ओहोटीच्या तक्त्यांवर ठेवलेला,
कागद उडू नयेत म्हणून.
पुंता अरेनासमध्ये कुठलीही वस्तू
आधी वजन म्हणून हातात घेऊन बघतात.

मी इथे नवी. बंदराच्या कचेरीत
लोकरीच्या गठ्ठ्यांच्या नोंदी करते.
पहिल्या आठवड्यात वाटायचं
हा माणूस कुणाशी तरी भांडतोय:
शिफ्ट, कंट्रोल, टॅब, टॅब, टॅब,
आणि स्पीकरमधली बाई इतकी भरभर बोलते
की शब्दांच्या नुसत्या लाह्या.
मला एकही कळत नाही. त्यांना सगळे.

"तू बघत बघत जातेस, यास्ना," ते म्हणाले,
"म्हणून तुला उशीर होतो."
खरंच. मी अजून त्या बाणाचं बोट धरून
त्याला पडद्याच्या कोपऱ्यात नेत असते,
तोवर त्यांचं पत्र छापून, सही होऊन ट्रेमध्ये.
ऑल्ट-टॅब: जहाजांची यादी.
ऑल्ट-टॅब: वालपराइसोची मेल, नेहमीसारखी कुरकुरणारी.
ऑल्ट-एफ-फोर: बंद.
भिंतीतली खरी खिडकी मात्र
सहा वर्षं नीट बंद होत नाही.
तिच्या फटीत कोंबलाय
कुठल्याशा बोटीचा जुना माल-दाखला.

परवा मला शिकवायला बसले.
माझ्या दोन्ही तर्जन्या उचलून ठेवल्या,
एक एफवर, एक जेवर.
"लागतं काही?"
लागलं. तांदळाच्या कणीएवढं.
सात वर्षं टाइप करतेय,
ते कधी बोटाला सापडलं नव्हतं.
"इथून निघायचं, इथेच परत यायचं.
हरवलीस तर शोधत बसू नकोस.
एस्केप दाब, जरा कळ काढ,
ती बाई सांगेल तू कुठे आहेस."

मग त्यांनी विंडोज-डी दाबलं.
सगळ्या खिडक्या एकदम खाली बसल्या.
"मागे फोटो आहे बघ.
दिसत होतं तेव्हाचं माझं शेवटचं काम ते.
धाकटा भाऊ, पिवळा रेनकोट, होडी रंगवतोय.
आहे ना?"

मागे निळं होतं.
कंपनीचं निळं, मध्ये पांढरा नांगर,
मुख्य कचेरीने कुठल्याशा रात्री
सगळ्यांच्याच मशीनवर लावलेलं.
माझ्या मशीनवरही तेच.
मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

होय म्हणणं सोपं होतं.
"नाही," मी म्हटलं. "नांगर आहे."

ते काही बोलले नाहीत.
बाई म्हणाली, डेस्कटॉप, एकतीस वस्तू.
मग बोटं चालू लागली,
एक अक्षर, एंटर, एक अक्षर, खाली, खाली,
शिफ्ट-एफ-टेन, खाली, एंटर.
मला मोजताही आलं नाही.
"आता?"

आता होता भाऊ. पाठमोरा,
अर्धा चेहरा ब्रशच्या मागे गेलेला.
होडी पिवळी.
रेनकोट हिरवागार.
"पिवळा आहे ना?"
"हो," मी म्हटलं, "पिवळं आहे."

सहाला बाहेर पडलो तर वारा सुटलेला.
नगरपालिकेने चौकात दोर बांधले होते,
लोक त्याला धरून एकेक पाऊल सरकत होते,
एक बाई टोपीमागे धावून परत दोराकडे आली.
ते पुढे, मी मागे.
डोळ्यांत वाळू गेली तेव्हा मीही डोळे मिटले
आणि दोर तळहातातून सरकू दिला.
अर्ध्यावर एक गाठ लागली. बारीक.
तिथेच ते थांबले होते.

वाऱ्यात ओरडून म्हणाले,
"होडी पिवळी होती गं.
रेनकोट हिरवा. आत्ता आठवलं."

मी काहीतरी ओरडले.
वाऱ्याने ते कुठे नेलं कुणास ठाऊक.
त्यांनी दोराला दोनदा हिसका दिला
आणि आम्ही पुढे निघालो.