ताइस्तो रोज पाटी पुसतो

पहाटे चारला ताइस्तो ट्रॅक्टर बाहेर काढतो.
औलूतली डिसेंबरची पहाट म्हणजे रात्रच.
सूर्य दहानंतर येतो, तोही नाइलाजानं,
क्षितिजावर कोपर टेकून जरा बसतो
आणि निघून जातो.

मोटारींचा रस्ता मागाहून. आधी सायकलींची वाट,
कारण आठाला पोरं निघतात.
लोखंडी पातं टेकवून तो पाटी पुसत जातो
नदीपासून शाळेपर्यंत, चार किलोमीटर.
आणि परतीच्या फेरीत वाचतो
काय काय लिहून गेलीत ती.

दोन रेघा शेजारी शेजारी: सहावीतली पोरं,
गप्पा मारत गेलेली.
खिळ्यांच्या टायरची दातेरी रेघ मुख्याध्यापकांची.
आणि ही एक नवी, सोमवारपासूनची,
बारीक, वळवळती,
पहिल्यांदा 'ळ' गिरवणाऱ्या हातासारखी.
पुलाच्या चढावर तिच्या बाजूला बुटांचे ठसे.
उतरून ढकललीस होय,
बरं केलंस, ताइस्तो म्हणतो, समोरच्या काचेला.

ती केर्तू. वय आठ.
घरी तीन आठवडे बोलणी चालली होती.
आई म्हणाली, एवढा हिवाळा मोटारीनं सोडते.
केर्तू म्हणाली, मोटारीतून सगळं मागे पळतं,
मला काहीच बघता येत नाही.
बाप काही बोलला नाही. तळघरात गेला,
चाकांतली थोडी हवा सोडून आला.
टम्म फुगलेलं चाक बर्फावर घसरतं,
जरा ढिलं असलं की धरून चालतं.

मग दोन रविवार, रिकाम्या वाटेवर.
ब्रेक दाबायचा नाही, विचारायचा. मागचा आधी.
वळण्यापूर्वी हात, हाताच्याही आधी मागे नजर.
टोपी पातळ घाल, नाहीतर हेल्मेट
डोक्यावर पाहुण्यासारखं बसतं.
रिफ्लेक्टर गुडघ्याजवळ लोंबू दे,
मोटारीचा उजेड पहिल्यांदा तिथेच पोचतो.
"आणि भीती वाटली तर?" आईनं विचारलं.
"तर उतरीन," केर्तू म्हणाली.
"उतरता येतं मला."

बुधवारी वळणावर रेघ तुटली होती.
ताइस्तो ट्रॅक्टर थांबवून खाली आला.
बर्फात उमटलेली एक कूस, एक कोपर,
हातमोज्याची पाच बोटं.
मग गुडघा. मग बूट.
मग पुन्हा रेघ, आधी तिरकी,
पुढे जरा कमी तिरकी.
त्यानं मागच्या पेटीतली बारीक खडी काढली,
त्या वळणावर दोन मुठी जास्त टाकली.
बायकोलाही सांगितलं नाही.

जानेवारीत एकदा त्याला उशीर झाला.
शाळेजवळच्या चौकात गाठ पडली:
इकडे सात टनांचं धूड, पिवळा दिवा गरगरत,
तिकडे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक डुलता ठिपका.
जायची पाळी तिची. तिला ते ठाऊक होतं.
तरी तिनं एक पाय टेकला,
मान वर करून केबिनच्या काचेत शोधत राहिली
त्याचे डोळे सापडेपर्यंत.
ताइस्तोनं पातं जमिनीला टेकवलं,
इंजिन बंद केलं, हात वर केला.
मग ती गेली.
जाताना घंटी वाजवली, एकदाच,
गारठलेली घंटी, खरखरली नुसती.

आता फेब्रुवारी.
चढावर बुटांचे ठसे नाहीत.
वळणाशी रेघ किंचित डुलते,
एक हात हँडलवरून सुटला की डुलते तेवढीच.
आणि आज तिच्या मागोमाग, अडखळत,
जवळजवळ तिच्याच रेघेत चाक घालून
आणखी एक रेघ. त्याहून बारीक.
कोणाची, ताइस्तोला माहीत नाही.

पुसावीशी वाटत नव्हती.
पण रात्री पुन्हा बर्फ पडला,
आणि पोरं आठाला निघतात.